ट्यूब छोटी, धीर तीन महिन्यांचा

हिंजवडी फेज तीनहून वाकडच्या पुलाकडे बाइकवर रेंगाळणाऱ्याला हनुवटीवरच्या पुटकुळ्यांचं खापर धुळीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर फोडावंसं वाटतं. पट्टा घासून आणि घाम साचून मुरूम वाढतात, हे खरं. पण मूळ दुखणं त्वचेच्या आत असतं. केसाच्या छिद्रातल्या मेलेल्या पेशी झडून जाण्याऐवजी एकमेकींना चिकटतात, त्यात तेल मिसळतं आणि बूच बसतं. पुटकुळी दिसायच्या कितीतरी आधीपासून ते तिथे असतं. म्हणून दिवसातून पाचदा फेसवॉश लावूनही हाती काही लागत नाही.

रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली औषधं, हे बूच बसू देत नाहीत. आहे ती पुटकुळी वाळवण्यापेक्षा पुढची उगवू न देणं, हे त्यांचं खरं काम. म्हणूनच जेल फक्त फोडावर टेकवायचं नसतं. वाटाण्याएवढं घेऊन, डोळे आणि ओठांच्या कडा सोडून, मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं असतं.

घराण्यातलं थोरलं ट्रेटिनॉइन. अमेरिकेत त्याला 1971 मध्ये मान्यता मिळाली. औषध गुणी, पण नाजूक: उजेडात त्याची ताकद उतरते, आणि त्याची बरीच जुनी रूपं मुरुमांवरच्याच बेंझॉइल पेरॉक्साइडबरोबर लावली तरी तेच. 1996 मध्ये मान्यता मिळालेलं अ‍ॅडापलिन या दोन्हींपुढे टिकतं. 0.1 टक्के अ‍ॅडापलिन जेल 0.025 टक्के ट्रेटिनॉइनच्या तोडीस तोड ठरलं आहे, आणि त्याने होणारी जळजळ तुलनेने कमी. टॅझारोटिन जास्त जोरकस, पण सोलवटतंही जास्त. 2019 चं ट्रायफारोटिन चेहऱ्याबरोबर छाती-पाठीसाठीही आहे. दुकानात मिळणारं रेटिनॉल या सगळ्यांपुढे फारच सौम्य.

सौम्य-मध्यम मुरुमांसाठी माझं मत अ‍ॅडापलिनच्या बाजूने. लाल फोडही असतील तर जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड. आपल्या सावळ्या त्वचेत जळजळ झाली की मागे काळे डाग राहतात आणि ते मुरुमांपेक्षा जास्त दिवस मुक्काम ठोकतात. त्यामुळे जोरापेक्षा सोसवणं महत्त्वाचं.

सुरुवात एक दिवसाआड करावी. चेहरा कोरडा झाल्यावर जेल, वर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. एसीत बसणाऱ्यांनी मॉइश्चरायझर टाळूच नये. ‘रात्री लावा’ म्हणजे झोपण्यापूर्वी लावा. नाइट शिफ्टवाल्यांनी सकाळी घरी येऊन, पडदे ओढून लावलं तरी चालतं. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे दिसतात आणि बरेच जण तिथेच ट्यूब फेकतात. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. गरोदरपणी, किंवा तशी तयारी चालू असेल, तर ही औषधं नकोत.

एक विनंती. मेडिकलमधून मित्राच्या सांगण्यावरून ‘तीन औषधांचं क्रीम’ आणू नका. त्यात ट्रेटिनॉइन असतं, पण सोबत हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइडही. आठवडाभर चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरूम उलट उसळतात. चेहऱ्याला लावायची स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने 2018 मध्ये नियम कडक केले. तरी ट्यूबवरची बारीक अक्षरं स्वतः वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल दिसलं, तर मुरुमांसाठी ती ट्यूब घेऊ नका.