सुईने दिलेली सवड

माझ्या कंबरेत इंजेक्शन घ्यावे की नाही, ह्या प्रश्नावर आमच्या इमारतीत जेवढा खल झाला, तेवढा इमारतीच्या पुनर्विकासावरसुद्धा झाला नसेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर मला जिन्यातच अडवले. म्हणाल्या, "मणक्यात एकदा सुई गेली की कंबर जन्माची गेली म्हणून समज! धाकटीच्या वेळी सिझेरियनला मला टोचली होती, ती अजून ठणकते." काकूंची ही धाकटी आता पस्तीस वर्षांची आहे. म्हणजे दुखणे चांगलेच मुरलेले म्हणायचे!

पण ज्याचे जळते त्याला कळते. २०२३ च्या डिसेंबरात एका पहाटे मी सासूबाईंना पलंगावरून उठवत होते. त्या वेळी कंबरेत काहीतरी लचकले. उसण भरली असेल, दोन दिवसांत निघेल, असे वाटले. दोन दिवसांनी उसण निघाली ती कंबरेतून, आणि उतरली डाव्या पायात! नितंबापासून पोटरीवरून थेट अंगठ्यापर्यंत कुणी तापलेली तार ओढावी, तशी कळ येई. खोकले तरी कळ, शिंकले तरी कळ. डोंबिवली ते मुंबई हा लोकलचा प्रवास मी तीस वर्षे उभ्याने केला. पण आता कणीक मळेपर्यंत ओट्याशी उभे राहणे होईना.

घरगुती उपचार यथासांग झाले. निर्गुडीचा शेक झाला, तेल झाले, लेप झाला. समोरच्या इमारतीतला एक पायाळू मुलगा शोधून काढण्यात आला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बिचारा भलताच संकोचला. पण आजीच्या आज्ञेवरून माझ्या कंबरेला पायाचा अंगठा लावून गेला. वैद्यबुवांनी दुखण्याला 'गृध्रसी' हे नाव सांगितले. हा रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो, म्हणून ते नाव! आरशात पाहिले, तर नाव ठेवणारा मोठा निरीक्षक असला पाहिजे अशी खात्री पटली.

पुरणपोळी आणि मणका

अस्थिरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारले. पायातली शक्ती कमी झाली आहे का? लघवी-शौचावरचा ताबा गेला आहे का? बसण्याच्या जागेला बधिरपणा आला आहे का? ह्यांतले काही असते तर त्यांनी मला तिथूनच तातडीने इस्पितळात धाडले असते. वाचकांनी हे तीन प्रश्न ध्यानात ठेवावेत. कारण तिथे शेक-लेपात दवडलेला एकेक तास महागात पडतो. माझ्या बाबतीत तिन्ही उत्तरे 'नाही' अशी आली. तेव्हा ते म्हणाले, "थोडं थांबू. औषधं घ्या, जमेल तेवढं चालत राहा. पुष्कळ लोकांचं हे दुखणं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं."

मी थांबले. दुखणे मात्र ओसरेना. आठ आठवड्यांनी एमआरआय काढला. अहवालातले ते लांबलचक शब्द वाचून माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी समजूत काढली. अमेरिकेत ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एमआरआय काढण्यात आले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. १९९४ साली हे प्रसिद्ध झाले. तात्पर्य, चित्रात दिसते ते सगळेच दुखत नसते. चित्र आणि तक्रार यांचा मेळ बसावा लागतो. माझ्या दुर्दैवाने तो बसत होता. कंबरेच्या पाच मणक्यांपैकी चौथ्या आणि पाचव्याच्या मधली गादी डाव्या बाजूला बाहेर आली होती.

तिथून माझी रवानगी वेदनाशमनाच्या तज्ज्ञांकडे झाली. हे डॉक्टर माझ्या मुलापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे असतील. मला म्हणाले, "काकू, गादी म्हणजे पुरणपोळी समजा. वरची पारी चिवट, आतलं पुरण मऊ. पारी फाटली की पुरण बाहेर येतं. इथं ते नेमकं नसेला लागलं आहे. नस दाबली गेली आहे आणि सुजलीही आहे. इंजेक्शनमधल्या स्टिरॉइडनं ती सूज उतरते."

"आणि पुरण?" मी विचारले.

"पुरण काही इंजेक्शननं आत जात नाही. बाहेर आलेला भाग पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू जिरवतं. पण त्याला महिने लागतात. तोवर माणसाला हलता-चालता यावं, म्हणून ही सुई."

हे वाक्य मी तेव्हा ऐकले. कळले मात्र पुष्कळ उशिरा.

शंका आणि समाधान

काकूंचे बोलणे मनात होतेच. मी भीत भीत विचारले, "सुई मज्जारज्जूत गेली तर?" डॉक्टरांनी कागदावर आकृती काढली. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्या खाली असतो तो नसांचा झुपका. माझी सुई त्याहून पुष्कळ खाली, आणि त्या नसांवरच्या आवरणाच्याही बाहेर थांबायची होती.

ही युक्ती आजकालची नव्हे. १९०१ साली पॅरिसमध्ये माकडहाडाच्या बाजूने ह्याच पोकळीत कोकेन टोचून अशा दुखण्यावर इलाज करून पाहण्यात आला होता. पुढे कॉर्टिसोनचा शोध लागला. त्याबद्दल हेंच, केंडल आणि राइखश्टाइन ह्या तिघांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच युरोपातल्या डॉक्टरांनी त्या जातीचे औषध मणक्यापर्यंत नेले.

डॉक्टरांनी उणी बाजूही लपवली नाही. १९९७ साली कॅनडातल्या १५८ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. स्टिरॉइड घेतलेल्यांच्या पायाचे दुखणे सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा कमी होते. पण तीन महिन्यांनी दोघांत म्हणावा असा फरक उरला नाही, आणि शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्यांची संख्याही घटली नाही. धोकेही त्यांनी सांगितले. डोके दुखणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, आणि अगदी क्वचित नसांना कायमची इजा. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०१४ मध्ये ह्या क्वचित पण गंभीर धोक्यांबद्दल मुद्दाम इशारा दिलेला आहे. मधुमेह आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, अंगात ताप आहे का, हे सारे विचारून झाले. मधुमेह असणाऱ्यांची साखर ह्या औषधाने काही दिवस वाढते, हे आमच्या इमारतीतल्या निम्म्या मंडळींच्या उपयोगाचे आहे.

तरी मी सही केली. कारण माझ्या कंबरेला दुसरीही एक कंबर टेकलेली होती. २०२२ मध्ये न्हाणीघरात पडून सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण तेव्हापासून आधाराशिवाय त्यांना उठता येत नाही. दिवसा एक मदतनीस बाई येतात. पहाटेचे, संध्याकाळचे आणि रात्रीचे उचलणे माझ्याकडे. मी आडवी झाले तर त्यांना कोण उठवणार? घरात हा प्रश्न कुणी विचारत नव्हते. मी मात्र रोज विचारत होते.

प्रत्यक्ष सुई

२०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस गेले. काही तास उपाशी राहायला सांगितले होते. पोटाखाली उशी घेऊन पालथे झोपवले. गार औषधाने पाठ पुसली, तेवढ्यानेच अंगावर काटा आला. आधी कातडी बधिर करण्याची छोटी सुई. ती मुंगी चावल्यासारखी झोंबते. मग अर्धवर्तुळाकार क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत पाहत मोठी सुई आत नेली. योग्य जागी आहे ना, हे बघायला चित्रात उमटणारा द्रव थोडा सोडला, आणि त्यानंतर औषध. औषध जाताना दुखले म्हणण्यापेक्षा दाब आला. ती ओळखीची कळ एकदा अंगठ्यापर्यंत जाऊन आली. "तीच ना?" डॉक्टरांनी विचारले. "तीच मेली!" मी म्हणाले. सगळे मिळून वीस मिनिटे. दोन तास देखरेखीखाली ठेवून संध्याकाळी घरी सोडले.

त्या रात्री मला अजिबात दुखले नाही. मी सगळ्यांना फोन करून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ पुन्हा हजर! पहिल्या रात्रीचे सुख बधिर करणाऱ्या औषधाचे असते, स्टिरॉइडला गुण दाखवायला काही दिवस लागतात, हे सांगितलेले मी विसरले होते. दोन रात्री झोप आली नाही आणि चेहरा लालबुंद झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "रंग खुललाय गं तुझा!" पाचव्या दिवशी सकाळी चहाचे आधण ठेवताना एकदम लक्षात आले, की आपण दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या आहोत.

उधळलेली सवड

आणि इथेच मी चुकले. दुखणे गेले म्हणजे आजार गेला, असे मी समजले. शिकवलेले व्यायाम चार दिवस केले आणि सोडून दिले. गुढीपाडव्याच्या सुमारास मदतनीस बाई गावी गेल्या, त्या वीस दिवस आल्या नाहीत. ते वीस दिवस सासूबाईंना मी एकटीने उचलले, पूर्वीसारखेच, कंबरेतून वाकून. अक्षय्यतृतीयेला तापलेली तार पुन्हा पायातून निघाली.

मी डॉक्टरांकडे जाऊन म्हटले, "आणखी एक सुई द्या." त्यांनी विचारले, "मधल्या अडीच महिन्यांत काय काय केलंत?" मी मोठ्या अभिमानाने सारे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "काकू, त्या सुईनं तुम्हांला सवड दिली होती. ती तुम्ही उधळलीत. ही इंजेक्शनं वर्षातून किती द्यायची याला मर्यादा आहे. उचलण्याला तुमच्याकडे काही मर्यादा दिसत नाही. पुढच्या वेळी घरातल्यांना घेऊन या."

हे आणि आमचे चिरंजीव, दोघेही आले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला एका बाजूला बसवले आणि त्या दोघांना कामाला लावले. खुर्ची पलंगाला अगदी लागून आणि किंचित तिरकी ठेवायची. चाके अडकवायची. म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेला रुंद पट्टा बांधायचा. त्यांचे पाय जमिनीवर नीट टेकवायचे, आपण गुडघ्यांतून वाकायचे, आणि तीन म्हणताच त्यांना स्वतःच्या जोराने उठू द्यायचे. आपण फक्त साथ द्यायची. परत येताना गाडीत हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, तू रात्रीतून दोनदा उठतेस, हे मला माहीतच नव्हतं." मी काहीच बोलले नाही. मी तरी कधी सांगितले होते?

त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी सासूबाईंना पहिल्यांदा उठवले. खुर्चीत बसल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, मी संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाही. रात्री तुला उठवायला नको म्हणून."

किती दिवसांपासून, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तुझा पाय दुखायला लागला तेव्हापासून."

म्हणजे मी माझी कळ त्यांच्यापासून लपवत होते, आणि त्या आपली तहान माझ्यापासून. एकाच खोलीत, सहा महिने!

जूनमध्ये मी दुसरे इंजेक्शन घेतले. ह्या वेळी मिळालेली सवड कारणी लावली. रोज वीस मिनिटे व्यायाम, अर्धा तास चालणे, आणि उचलणे बंद. तिसऱ्या सुईची वेळ आलेली नाही. पाऊस पडायला लागला की कंबर आपली आठवण देते. पण गिधाडाची चाल गेली. काकूंनी परवा माझ्या डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला.

'घेऊ का नको?' असे मला आता पुष्कळजण विचारतात. ज्याची त्याची कंबर निराळी, तेव्हा उत्तर डॉक्टरांनीच द्यावे. मी एवढेच सांगते, की सुई घेण्यापूर्वी घरच्यांना एकत्र बसवा आणि आपण रोज काय काय उचलतो, ते त्यांना मोजून सांगा.

आमच्याकडे 'एक, दोन, तीन' हल्ली सासूबाईच म्हणतात, आणि तीनला उठतातही. रात्री त्यांच्या उशाशी तांब्या-भांडे ठेवलेले असते. सकाळी बघावे, तर तांब्या रिकामा असतो.