तेजीतला माणूसही आजारी असू शकतो

इंदूरजवळच्या सांवेरसारख्या तालुक्याच्या गावात एखादा तरुण महिनाभर अंथरूण सोडेना, जेवेना, बोलेना, तर घरचे निदान काळजी तरी करतात. पण तोच पुढे दोन तासांच्या झोपेवर ताजातवाना फिरू लागला, अखंड बोलू लागला, सोयाबीनचे आलेले पैसे आठवड्याभरात नव्या धंद्यात ओतू लागला, की आधी कौतुकच होते: पोरगा मार्गाला लागला! बायपोलर डिसऑर्डर लवकर ओळखू येत नाही याचे मोठे कारण मला या कौतुकात दिसते. नैराश्य आणि ही तेजी, म्हणजे उन्माद, ही एकाच आजाराची दोन टोके आहेत. रुग्ण बहुधा नैराश्यातच डॉक्टरकडे जातो. आधीच्या तेजीविषयी कोणी बोललेच नाही, तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात आणि काहींचा उन्माद त्यानेच उसळतो.

‘आमच्याकडे असले कोणी नाही,’ असे म्हटले जाते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये मध्य प्रदेशासह 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे 0.3 टक्के आढळले, म्हणजे लाखामागे तीनशे. त्यांतल्या दहापैकी सातांना उपचार मिळत नव्हते. माणसे आहेत, त्यांना आपण तापट, उधळ्या किंवा बाधा झालेला म्हणतो.

मग दोष कुणाचा? अनुवंशाचा वाटा मोठा आहे, पण त्याला एकच जनुक जबाबदार नाही. आई किंवा वडिलांना हा आजार असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. एकसारख्या जुळ्यांतही कधी एकालाच होतो. जागरण, मोठा ताण, बाळंतपण, नशा यांनी झटका येऊ शकतो. म्हणूनच ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला घातक वाटतो: लग्नघरात आधी झोपच उडते. सांवेरच्या उलट्या हनुमानाचे दर्शन जरूर घ्यावे, मात्र गोळी चुकवू नये. गोळ्यांची सवय लागते ही भीतीही चुकीची आहे. या आजारावर 1949 पासून वापरात असलेल्या लिथियम या औषधाचे व्यसन लागत नाही. रक्ततपासणी मात्र वेळोवेळी लागते, आणि माळव्याच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर रक्तातले लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

घरात कुणाची झोप अचानक घटली आणि उत्साह वाढला, तर वाट पाहू नका. इंदूरचे बाणगंगेचे सरकारी मानसिक रुग्णालय सांवेरहून फार लांब नाही, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे.