चित्रनळीच्या प्रकाशाचा हिशेब

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या 1954 साली स्थापन झालेल्या सरकारी उद्योगाने संरक्षणदलांच्या यंत्रसामग्रीबरोबरच कृष्णधवल दूरचित्रवाणीच्या चित्रनळ्याही घडविल्या. नळ्यांच्या काचेच्या कवचांसाठी त्याने 1986 साली महाराष्ट्रात तळोजे येथे कारखाना काढला. त्या नळ्या आता घरांतून गेल्या. परंतु जुने संगणकीय खेळ मूळ रूपात पाहू इच्छिणारे रसिक सपाट पडद्यावर नळीचा आभास निर्माण करतात. ‘शेडर’ नावाचा छोटा संगणकीय कार्यक्रम पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग व तेज ठरवून हे काम करतो. अडचण एवढीच, की आभास जितका हुबेहूब, तितके चित्र काळवंडते.

नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फरच्या लेपावर रेघेमागून रेघ उजळीत जाई. जुनी खेळयंत्रे बहुधा निम्म्याच रेघा वापरीत. म्हणून दोन रेघांमध्ये काळी फट राही. रंगीत नळीत तांबडा, हिरवा व निळा असे फॉस्फरही वेगवेगळे असत. शेडरने निम्म्या रेघा काळ्या केल्या, की निम्मा प्रकाश उरतो. प्रत्येक उभ्या पट्टीस तीनांपैकी एकच रंग दिला, की त्याचाही तिसरा हिस्सा, म्हणजे मूळच्या एकषष्ठांश. सरासरी तेज दर चौरस मीटरला 100 कॅन्डेला हवे असेल, तर पडद्याची शक्ती 600 असावयास हवी. कृष्णधवल नळीत रंगपट्ट्या नव्हत्या. तिच्या आभासास 200 पुरतात.

उरलेले बिंदू सरसकट उजळविणे हा उपाय नव्हे. पडद्याची कमाल मर्यादा गाठताच पांढऱ्या ढगातील बारकावे पुसले जातात. शिवाय संगणकातील अंक म्हणजे प्रकाश नव्हे: 255 हा पूर्ण प्रकाश मानला, तर 128 हा त्याच्या सुमारे 22 टक्केच होतो, निम्म्या प्रकाशाचा अंक सुमारे 186. म्हणून अंकांचे प्रथम प्रकाशात रूपांतर करावे, गणित तेथे करावे आणि मगच परत अंकांकडे यावे.

खरा मार्ग नळीनेच दाखविला आहे. झोत तेजस्वी होई, तेव्हा रेघ फुगे आणि फट बुजे. शेडरनेही अंधाऱ्या भागात फटी खोल ठेवाव्यात, उजळ भागात त्या अरुंद कराव्यात आणि रंगपट्ट्यांमधील भेदही तेथे सौम्य करावा. असे केल्यास सरासरी तेज टिकते व बारकावेही राहतात. फटींचा काळोख किती ठेवावयाचा, हे पडद्यापाशी प्रकाशाची शिल्लक किती आहे, यावरच ठरवावे लागते.