अळीला उपाशी ठेवणारी मिरची

शिरूर तालुक्यातला केंदूर-पाबळचा पट्टा तसा जिरायतीचा. अशा रानात रब्बीचा हरभरा घाट्यावर आला की घाटेअळी येणार, हे शेतकरी धरूनच चालतो. डोकं घाट्यात खुपसून दाणा फस्त करणारी ही अळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. तुरीवर तीच शेंगअळी, कपाशीवर तीच हिरवी बोंडअळी. तिच्यावर औषध मारायचं आणि सकाळी अळ्या किती पडल्या ते पाहायचं, हा नेहमीचा हिशेब. पण १९८७ मध्ये आंध्रातल्या कपाशीवर पायरेथ्रॉइड औषधांना ती दाद देईनाशी झाली आणि हा हिशेब चुकू लागला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विद्या गुप्ता, डॉ. अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. अळीला मारण्याऐवजी तिचं पचन बंद पाडता येईल का? त्यांना उत्तर मिरचीच्या झाडात मिळालं.

खाल्लेली प्रथिनं अळी आतड्यातल्या ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिनसारख्या विकरांनी तोडते. मिरची वर्गातली झाडं या विकरांना अडवणारे छोटे पेप्टाइड बनवतात. असा एक पेप्टाइड म्हणजे सुमारे ५० अमिनो आम्लांची साखळी. ती विकराच्या खाचेत रुतून बसते, कुलपात किल्ली मोडून अडकावी तशी. गंधकाचे चार बंध तिला घट्ट आवळून धरतात, म्हणून आतड्यातही ती सहजी तुटत नाही. मग अळी भरल्या ताटावर उपाशी राहते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मिरचीची ही प्रथिनं खाल्लेल्या अळ्यांची वाढ खुंटली आणि त्यांच्यापासून झालेल्या माद्यांनी अंडीही कमी घातली.

टोमॅटो-बटाट्याची पानं किडीने कुरतडल्यावर अशी प्रथिनं वाढतात, हे अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं. पेप्टाइड बाटलीत भरून विकताही येतो. ऑस्ट्रेलियातल्या एका कोळ्याच्या विषावर बेतलेलं, यीस्टकडून बनवून घेतलेलं कीटकनाशक अमेरिकेत २०१४ पासून नोंदणीकृत आहे.

तरी अळी चिवट आहे. एक विकर अडलं की ती दुसरं बनवू लागते. बीटी कपाशीतलं विषही प्रथिनच, पण गुलाबी बोंडअळीने ते पचवलंच. मिरची मात्र एकाच पेप्टाइडवर विसंबत नाही. थोड्याथोड्या फरकाचे कित्येक प्रकार ती बाळगते. उद्याच्या फवाऱ्यातही असं मिश्रणच लागेल. शिवाय ते उन्हात टिकायला हवं आणि शेतकऱ्याला परवडायलाही.

असा पेप्टाइड सकाळी मेलेल्या अळ्यांचा सडा पाडणार नाही. अळी मोठी झाल्यावर तर त्याचा फारसा उपयोगही नाही. त्यामुळे कामगंध सापळ्यांतले पतंग मोजून, अळी लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारण्याची आणि रानात पक्षीथांबे उभारण्याची शिस्त आजच अंगी बाणवलेली बरी. नवं औषध येईल तेव्हाही कामी येणार आहे ती हीच शिस्त.