सबुरीचा घास

रमजानचा महिना लागला की देणाऱ्यांचे हात सैल होतात. जकातीचा हिशेब मांडला जातो, फित्र्याची रक्कम बाजूला काढली जाते, खजुरांची खोकी या घरातून त्या घरात फिरू लागतात. यातला थोडा ओघ अनाथ आणि दिव्यांग मुलांच्या निवासी संस्थांकडेही वळतो. इफ्तारच्या सुमारास मंडळी येतात, फळे वाटतात, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि मगरिबच्या नमाजला निघतात. हे चांगलेच आहे. पण तिथल्या सर्वांत नाजूक मुलांची गरज फळांच्या टोपलीने भागत नाही.

कोण असतात ही मुले? कुणाला सेरेब्रल पाल्सी असते, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांवर, मानेवर, जिभेवरही ताबा नसतो. कुणाला वारंवार फिट येते. कुणी नळीवाटे अन्न घेते. कुणाला थॅलेसेमिया असतो आणि दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. त्यात सेरेब्रल पाल्सीबरोबर थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आहेत. कायद्याने नाव दिले, पण घास भरवायला माणूसच लागतो.

जेवणाचेच उदाहरण घेऊ. ज्या मुलाला नीट गिळता येत नाही, त्याचे एक जेवण चाळीस मिनिटे चालू शकते. समजा, अशी सहा मुले आहेत आणि दोन मावशी. प्रत्येकीच्या वाट्याला तीन मुले, म्हणजे एका वेळच्या जेवणाला दोन तास. दिवसातून तीन वेळा हेच. त्यात कपडे बदलणे, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, औषधे देणे आलेच. अशा ठिकाणी भरवायला शिकलेला तिसरा माणूस रोज दुपारी आला आणि त्याने दोन मुले सांभाळली, तर दोन तासांचे काम ऐंशी मिनिटांवर येते. मावशींना घाई करावी लागत नाही. आणि घाई न होणे हीच या मुलांची सुरक्षितता आहे.

घाईत काय होते? मुलाला आडवे ठेवून किंवा मान मागे टाकून भरवले, तर अन्न श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. काही मुलांना अशा वेळी ठसकाही लागत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. दाट पदार्थापेक्षा पातळ पदार्थ अनेकदा जास्त धोक्याचा असतो. म्हणून ईदच्या दिवशी मायेने पुढे केलेला शिरखुर्म्याचा चमचाही अशा मुलाला न विचारता देऊ नये. पातळ दूध आणि त्यात सुक्या मेव्याचे तुकडे, हे दोन्ही त्याच्यासाठी घातक ठरू शकते. मूल ताठ बसलेले हवे, घास लहान हवा, पहिला गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. जेवणानंतरही अर्धा तास त्याला बसते ठेवायचे. हे सारे तिथल्या मावशींकडून किंवा परिचारिकेकडून शिकून घ्यावे. नळीला मात्र आपण हात लावू नये.

आणखी काही पथ्ये आहेत. आत जाताना साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नये. आपला साधा पडसा तिथे एखाद्याला रुग्णालयात पोचवू शकतो. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे, वेळ बघावी आणि लगेच परिचारिकेला बोलवावे. पाच मिनिटांहून जास्त चालणारी फिट तातडीच्या उपचाराची असते. फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत. संस्थेत असलेल्या मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्याहीपेक्षा, त्या मुलाला नको म्हणता येत नाही, हे कारण पुरेसे आहे.

१९५१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहान मुलाला पोषणाइतकीच एका ओळखीच्या माणसाच्या अखंड जिव्हाळ्याची गरज असते, हे त्यांनी ठामपणे मांडले. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातील वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी हेच आयुष्यभर करून दाखवले. बेवारस दिव्यांग मुलांना त्यांनी आपले नाव दिले आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरही या मुलांना संस्थेतच राहू द्यावे, अशी मागणी लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सगळ्यांना शंकरबाबा होता येणार नाही. पण आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी येणारा ओळखीचा आवाज होता येईल.

रमजान त्यासाठी सोयीचा आहे. रोजेदाराची दुपारच्या जेवणाची सुट्टी रिकामी असते आणि नेमकी तीच या मुलांच्या जेवणाची वेळ असते. इफ्तारला गर्दी करण्यापेक्षा जवळच्या नोंदणीकृत संस्थेत आधी चौकशी करावी, ओळखपत्र द्यावे, पडताळणी होऊ द्यावी आणि दुपारी जावे. आपण उपाशी असताना दुसऱ्याला सावकाश भरवणे सोपे नाही. अरबीतला सब्र मराठीत सबुरी होऊन आला, तो हाच.

थोडे असले तरी नित्याचे काम अल्लाहला अधिक प्रिय, अशी प्रेषितांची शिकवण आहे. तेव्हा संस्थेत नाव नोंदवतानाच ईदनंतरचा एक वार ठरवून सांगावा. शव्वाल महिन्यात तिथे येणारी गर्दी ओसरते, पण मुलांच्या जेवणाची वेळ तीच राहते.