रिकाम्या फेरीचं गणित

रात्रीचे साडेअकरा. लोकल आम्हाला खांदेश्वरला उतरवून पनवेलकडे निघून गेली. घर रोडपालीला, कळंबोलीत. ॲपवर गाडी मागितली. नकाशावर पाच इवल्याशा गाड्या वळवळत होत्या. पहिली मिळाली आणि रद्द झाली. दुसऱ्या चालकाचा फोन आला, ‘कुठे जायचंय?’ रोडपाली म्हटलं, तीही रद्द!

वैताग आला. पण त्या नकाशावर काय काय घडत असतं, हे एकदा कळलं ना, की थक्क व्हायला होतं.

आपण स्टेशनबाहेर कुठे उभे आहोत हे फोनला सांगतात 20,200 किलोमीटर उंचीवरचे उपग्रह. निदान चार लागतात. तीन जागेसाठी, आणि चौथा? फोनचं साधंसुधं घड्याळ सावरण्यासाठी! उपग्रहांवरची घड्याळं मात्र अणुघड्याळं, तरीही जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचं जमत नाही. वेगामुळे ती दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून 45 पुढे धावतात. उरतात 38. एवढ्याशा वेळात रेडिओलहर 11 किलोमीटर जाते! म्हणून ही घड्याळं अवकाशात पाठवण्याआधीच मुद्दाम किंचित मंद लावलेली असतात. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद असा आपल्या रिक्षाथांब्यापर्यंत पोचलेला आहे.

आता गाडी. जवळची द्यायची, त्यात काय एवढं? पण माझ्या जवळची गाडी कामोठ्यातल्या कुणाची तरी एकमेव आशा असेल! सगळ्यांचं मिळून थांबणं कमी व्हायला हवं. दहा प्रवासी आणि दहा गाड्या घ्या. जोड्या लावायच्या रीती किती? 36 लाख 28 हजार 800! एकेक तपासत न बसता उत्तर काढायची युक्ती गणितज्ञ हॅरल्ड कुन यांनी 1955 मध्ये मांडली. दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी, म्हणून नाव ‘हंगेरियन पद्धत’. आणि गंमत म्हणजे 1851 मध्येच वारलेल्या गणितज्ञ याकोबी यांनी ती आधीच शोधली होती. लॅटिनमधला तो लेख छापून आला त्यांच्या मृत्यूनंतर. टॅक्सीचं नावही नव्हतं तेव्हा!

मग एवढं सगळं असूनही गाडी रद्द का होते?

कारण गणितं दोन आहेत. ॲप मोजतं गाडी माझ्यापर्यंत येण्याचं अंतर. चालक मोजतो मला सोडल्यानंतरचं. रोडपालीचं भाडं छोटं, आणि या वेळेला तिथून परतीचं गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. रिकाम्या फेरीचा सीएनजी त्याच्या खिशातून जातो. मला ही आकडेमोड त्या हंगेरियन पद्धतीइतकीच देखणी वाटते. स्टिअरिंगवर हात ठेवून, दोन सेकंदांत केलेली.

तिसऱ्या चालकाने पत्ता ऐकला आणि म्हणाला, ‘थांबा तिथेच, आलोच. मीपण रोडपालीलाच राहतो. ही शेवटची फेरी.’