वस्त्राचे संगणकीय सदृशीकरण

वस्त्राचे संगणकीय सदृशीकरण अर्थात क्लॉथ सिम्युलेशन ही संगणकीय सचेतनपटांत कापडाची हालचाल भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार गणिताने काढण्याची पद्धत आहे. पदराची सळसळ किंवा कोटाच्या बाहीवरील चुण्या प्रत्येक चौकटीत हाताने घडविणे अशक्यप्राय असल्याने तिची गरज भासली.

जेरी वाइल यांनी १९८६ साली टांगलेल्या कापडाचा आकार मुख्यतः भूमितीच्या आधारे काढला. तो स्थिर कापडापुरता होता. पुढच्याच वर्षी डेमेट्री तेर्झोपोलस व सहकाऱ्यांनी स्थितिस्थापकतेच्या सिद्धान्तावरून लवचीक वस्तू हलत्या केल्या.

कालपावलाचा प्रश्न

प्रचलित प्रतिमानात कापड म्हणजे वस्तुमान असलेल्या बिंदूंची जाळी असते आणि शेजारचे बिंदू काल्पनिक स्प्रिंगांनी जोडलेले असतात. विणलेले कापड सहज वाकते, मात्र ताणले जाण्यास कडवा विरोध करते. म्हणून स्प्रिंगा ताठ ठेवाव्या लागतात आणि घोटाळा येथेच होतो. या क्षणीच्या बलावरून पुढील क्षणाची स्थिती काढल्यास बिंदू योग्य जागा ओलांडून पलीकडे जातो, मग त्याहून मोठे उलटे बल त्याला मागे फेकते आणि काही पावलांतच कापडाच्या चिंधड्या उडतात. हे टाळण्यासाठी एका चौकटीच्या, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागाच्या, काळाचे पुष्कळ तुकडे पाडून गणित करावे लागे.

डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विट्किन यांनी १९९८ साली सिग्राफ परिषदेत मांडलेल्या शोधनिबंधाने हा अडसर बराच दूर केला. त्यांच्या अव्यक्त पद्धतीत पावलाच्या अखेरीस असणारे बल वापरले जाते. ते आधी ठाऊक नसल्याने सर्व बिंदूंची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. परंतु पावले मोठी टाकता येतात. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, तेर्झोपोलस यांच्या कामातही ती आढळते. तिची किंमतही आहे. ती गतीतील ऊर्जा शोषून घेते. पाऊल मोठे केले की बारीक चुण्या विरतात आणि रेशीम घोंगडीसारखे वागू लागते.

कापडाची कापडाशी टक्कर

निऱ्यांसारख्या एकावर एक बसलेल्या घड्यांत एक बिंदू जरी चुकीच्या बाजूला गेला तरी थर एकमेकांत गुंततात. ब्रिडसन, फेडकिव व अँडरसन यांनी २००२ साली असा छेद मुळातच होऊ न देणारी पद्धत दिली. परंतु पात्राची काख किंवा कोपर स्वतःच्याच शरीरात घुसत असेल तर छेद अटळ ठरतो. अशी गुंतागुंत नंतर सोडविण्याचा उपाय बराफ, विट्किन व मायकेल कास यांनी २००३ साली मांडला.

व्हिडिओ खेळांत अचूकतेपेक्षा वेग महत्त्वाचा. तेथे मथियास म्युलर व सहकाऱ्यांची २००६ सालची पद्धत रुळली. तीत बले न काढता बिंदूंच्या जागाच थेट दुरुस्त केल्या जातात. दुरुस्तीच्या फेऱ्या वाढविल्या की कापड अधिक ताठ होते, हा तिचा दोष २०१६ साली सुधारण्यात आला.